वच्छलाबाईंचा अर्धा ग्रॅम

सई, निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, तू कचऱ्यापासून व्हॅनिला करायचीस म्हणे, खरं का?" तुमच्या बाबांनी सांगितलेलं दिसतंय. माझ्या सवयीप्रमाणे आधी दुरुस्ती करते. तो कचरा नव्हता, पऱ्हाट्या होत्या. आणि करणारी मी एकटी नव्हते.

इथल्या, आदिलाबादच्या, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या, असं संपादक दोन वर्षं मागे लागले आहेत. तुमचं उत्तर आणि त्यांचा लेख मी एकाच बैठकीत उरकते आहे. कुठल्या साली नोकरीला लागले आणि कधी विभागप्रमुख झाले, ते यात सापडणार नाही. ते कॉलेजच्या फायलीत नीट लावून ठेवलेलं आहे, आणि कोणी वाचत नाही.

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. शेवटची वेचणी झाली की शेतात नुसती वाळकी झाडं उभी राहतात. आदिलाबादपासून बेल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरं काही दिसत नाही. थोड्या पऱ्हाट्या चुलीत जातात, बाकीच्या शेतातच पेटवतात. तेव्हा सगळ्या जिल्ह्यावर आठ-पंधरा दिवस निळसर धूर असतो. त्या धुराला एक गोडसर, खमंग वास येतो. मी रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे त्या वासाचं नाव मला माहीत होतं. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो जळताना असा वास सुटतो.

लिग्निन म्हणजे काय? इकडच्या खेड्यांत कुडाची भिंत असते. तुरीच्या काड्या उभ्या विणतात आणि वरून शेणमातीचा गिलावा देतात. झाडातही तसंच आहे. काड्यांच्या जागी तंतू असतात, त्यांचा कागद होतो. गिलाव्याच्या जागी लिग्निन. त्याच्यामुळे झाड ताठ उभं राहतं. कागद करणाऱ्यांना ते नको असतं, ते बाहेर काढून जाळून टाकतात. पण हा गिलावा लहान लहान कड्यांचा बनलेला आहे. प्रत्येक कड्यात सहा कार्बन. हा गुंता बेताने सोडवला, तर औषधं, रंग, अत्तरं, प्लॅस्टिक यांना लागणारी रसायनं हाती येतात. व्हॅनिलाचा वास ज्याचा असतो ते व्हॅनिलिन त्यांतलंच एक. बाजारातलं बरंचसं व्हॅनिलिन खनिज तेलापासून निघालेल्या रसायनातून करतात. ते आमच्या शेतात उभं असताना आम्ही पेटवून देत होतो.

मोडणं सोपं आहे, आगही मोडतेच. अवघड आहे ते हवं तिथेच मोडणं. त्यासाठी उत्प्रेरक लागतो, तुमच्या भाषेत कॅटॅलिस्ट. बेज्जूरकडे प्राणहितेवर नावाडी होते. माणसं पलीकडे पोचवायची आणि नाव घेऊन पुढच्या माणसांसाठी परत यायचं. उत्प्रेरकाचं काम तेच. मात्र नाव परत आली पाहिजे. दर खेपेला एक फळी नदीत राहत असेल, तर तो धंदा चार दिवसांचा. आमचा उत्प्रेरक म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडवर चढवलेला तांब्याचा थर. ही पावडर चुंबकाने ओढता यायची, म्हणून ती गाळून, धुऊन पुन्हा वापरता येईल अशी माझी कल्पना होती. ती पुन्हापुन्हा तितकंच काम करते का, एवढाच आमच्या प्रकल्पाचा प्रश्न होता.

आता वच्छलाबाई.

त्या माझ्या भाजीवाल्या. बेल्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांचा मळा होता. सकाळच्या बसने टोपल्या घेऊन यायच्या आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बसायच्या. मी बारा वर्षं त्यांच्याकडूनच भाजी घेतली, कारण त्यांचा तराजू. काटा मध्यावर येईपर्यंत त्या गिऱ्हाइकाशी बोलतसुद्धा नसत. माल जरा कमी भरला की एक भेंडी वर टाकायच्या, दोन टाकायच्या. कोणी म्हणालं, "राहू द्या हो, चालतं," तर म्हणायच्या, "तुमाले चालते, मले नाई चालत."

प्रकल्प मंजूर झाला तेव्हा प्रयोगशाळेत एक मदतनीस घ्यायची सोय होती, प्रकल्प चालेल तोवर. दोन पदवीधर मुलं येऊन गेली. दोघांनाही वजन करता येत नव्हतं. म्हणजे करत होते, पण "जवळपास" करत होते. मग मी वच्छलाबाईंना विचारलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या, आकडे उत्तम वाचायच्या आणि गुडघ्यांमुळे टोपली उचलणं जड जाऊ लागलं होतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, भाजीवाली?" मी म्हटलं, "सर, तराजूवाली."

पहिल्या दिवशी मी त्यांना डिजिटल काटा दाखवला. त्याची काचेची दारं बंद केल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही, हे सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं, हात मागे घेतला, तोंडावर पदर धरला.

"याले तर श्वास बी कळते वो मॅडम."

"कळतो."

"मंग याच्यासमोर खोटं बोलताच येत नाई."

आमचं दाबपात्र म्हणजे जाड पोलादाचा प्रेशर कुकरच. त्यात लिग्निन, क्षार, पाणी आणि पावडर भरायची, ऑक्सिजन सोडायचा आणि तापवायचं. दोन तास बोलायला मोकळे. वच्छलाबाईंनी विचारलं, "याची शिट्टी काऊन नाई होत?"

"याची शिट्टी झाली तर आपण दोघी थेट इचोड्याला सापडू."

"मंग जाऊ द्या. इचोड्याले माही नणंद हाये, तिच्याकडे जेवू."

असे आमचे दोन तास जात. मला त्या दोन तासांची आठवण येते. तुमच्याकडे रात्र असते आणि इकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, तेव्हा मी जेवण आवरून बसते आणि माझा कान आपोआप त्या यंत्राच्या घरघरीकडे जातो. इथे पंख्याशिवाय काही वाजत नसतं. माझ्या बरोबरीच्या प्राध्यापकांशी मी चाळीस वर्षं इंग्रजीत बोलले. त्यांतलं एक वाक्य आज आठवत नाही. वच्छलाबाईंनी वांग्यावरच्या किडीबद्दल सांगितलेलं सगळं आठवतं.

पहिल्यांदा व्हॅनिलिनचे स्फटिक निघाले ते चिमूटभर होते, जरा पिवळट. वच्छलाबाईंनी बाटली नाकाशी नेली, पुन्हा एकदा नेली. मग म्हणाल्या, "बिस्किटाचा पुडा फोडल्यावानी वास हाये. आमच्या पऱ्हाटीत हे होतं? अन् आमी त्यावर भाकरी भाजून राह्यलो होतो?" ती बातमी गावात अशी पसरली की बस स्टँडजवळचा आईस्क्रीमवाला डबा घेऊन आला. पाव किलो द्या म्हणाला. त्याला बाटली दाखवली, तर तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, इसमें तो मेरा एक कप भी नहीं बनेगा." त्याचं बरोबर होतं. बेल्याकडचे एक शेतकरी ट्रॅक्टरभर पऱ्हाट्या घेऊन आले आणि कॉलेजच्या फाटकात उतरवून गेले. त्यातल्या आम्हाला दोन जुड्या लागणार होत्या. बाकीच्यांचं काय करायचं, हे विचारायला प्राचार्यांनी मला तीन वेळा बोलावलं.

मग आम्ही मूळ प्रश्नाला हात घातला. तीच पावडर चुंबकाने परत काढायची, धुवायची, वाळवायची, पुन्हा वापरायची. चुंबक एका मोडक्या स्पीकरमधला होता. वच्छलाबाई तो काचेच्या भांड्याला बाहेरून लावायच्या आणि काळी पावडर सगळीच्या सगळी त्या बाजूला धावायची. पाहणाऱ्याला जादू वाटे. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. सातव्या फेरीपर्यंत व्हॅनिलिन जवळजवळ तेवढंच निघत राहिलं. आलेख काढला तर रेघ सपाट. मी अहवाल पाठवला. तो वाचून हैदराबादच्या एका सुगंधी द्रव्यांच्या कंपनीतून पत्र आलं. त्यांचे संशोधन पाहणारे गृहस्थ प्रत्यक्ष येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर प्रकल्प दोन वर्षं पुढे चालणार होता.

माझ्या निवृत्तीला तेव्हा बरोबर दोन वर्षं होती. खरं सांगते, मला कंपनीचं फारसं काही नव्हतं. प्रकल्प संपला की वच्छलाबाईंची जागा संपणार होती. मला ती दोन वर्षं त्यांच्यासोबत हवी होती.

पाहुणे सकाळी आले. उंच, सभ्य, कमी बोलणारे. मी त्यांना सगळं इंग्रजीत समजावत होते आणि मागे वच्छलाबाई आठव्या फेरीची तयारी करत होत्या. आदल्या दिवशी वाळवलेली पावडर त्यांनी काट्यावर घेतली. दारं लावली, आकडा पाहिला. मग अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हणाल्या, "कमी भरून राह्यलं." त्यांनी शेल्फवरची तपकिरी बाटली काढली. ताज्या पावडरीची. त्यातून चमच्याच्या टोकावर थोडी घेतली आणि बोटाने टिचकी मारत काट्यावर सोडली. एक टिचकी, दोन टिचक्या. ०.५००. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली, कॉलनीच्या तोंडाशी काटा मध्यावर आल्यावर हलवायच्या तशी.

पाहुणे वहीत तापमान लिहून घेत होते. त्यांनी पाहिलं नाही.

तुम्हाला कळलं ना काय झालं होतं ते? धुताना, गाळताना दर वेळी थोडी पावडर हरवायचीच. तिच्यावरचं थोडं तांबंही सुटत होतं. म्हणजे नावेची फळी दर खेपेला नदीत राहत होती, आणि वच्छलाबाई दर खेपेला नवी ठोकत होत्या. आमची सपाट रेघ अशी सपाट होती.

मी पाहुण्यांना पुढचं समजावत राहिले. प्रयोग झाला, जेवण झालं. वच्छलाबाईंनी पाहुण्यांना घरची सीताफळं पिशवीत भरून दिली. पाहुणे जाताना म्हणाले की पुढच्या दोन वर्षांबद्दल ते चांगलंच लिहिणार आहेत. गाडी फाटकाबाहेर गेली.

मग मी विचारलं, "वच्छलाबाई, तुम्ही बाटलीतली पावडर कधीपासून घालता?"

"पयल्यापासून."

"मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं? कागदावर लिवलं हाये ना तुमी."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझ्या अक्षरातला, मी प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला कागद होता. 'पावडर दर वेळी ०.५०० ग्रॅम. कमी चालणार नाही.' तो कागद पहिल्या वर्षीचा. तेव्हा आम्ही वेगवेगळ्या पावडरी तपासत होतो आणि दर वेळी ताजीच घ्यायची असे. तीच पावडर परत वापरायला लागलो, तेव्हा सूचना बदलायला हवी होती. जेवढी परत मिळेल तेवढीच घ्यायची आणि त्या मापात लिग्निन कमी करायचं, असं लिहायला हवं होतं. मी कागद बदलला नव्हता. तो इतका नीट लावलेला होता की मला दिसेनासा झाला होता.

मी खुर्चीत बसले. अर्धा तास तरी बसले असेन. गप्प राहिले तर दोन वर्षं मिळत होती. वच्छलाबाईंनी चहा आणून ठेवला आणि विचारलं, "काई चुकलं का माह्यं?" मी चहा पिऊन टाकला. ज्या बाईने डिजिटल काट्यासमोर खोटं बोलता येत नाही असं म्हटलं होतं, तिच्या देखत मला ती रेघ सपाट ठेवणं जमेना. मी फोन उचलला.

पाहुणे इचोड्याला एका धाब्यावर चहाला थांबले होते. मागे ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की आमच्या आकड्यांत चूक आहे, परत वापरलेल्या पावडरीत ताजी मिसळली जात होती. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? आणि मी म्हटलं, "माय अटेंडंट हॅड बीन अॅडिंग इट."

वाक्य खरं होतं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

वच्छलाबाई समोर उभ्या होत्या, रिकामा कप हातात घेऊन. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण अटेंडंट हा त्यांच्या ओळखपत्रावरचा शब्द होता. त्यांनी कप धुतला, जागेवर ठेवला आणि पाचच्या बसला गेल्या.

पाहुणे चांगले वागले. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि प्रयोग पुन्हा करून पाठवा म्हणाले. आम्ही केले. वजन वच्छलाबाईंनीच केलं, आता वरून काही न घालता. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसरीत व्हॅनिलिन घसरलं, पाचवीत निम्म्यावर आलं. रेघ खाली उतरली. कंपनीचं पत्र आलं: काम चांगलं आहे, पण तूर्त आम्हाला उपयोगाचं नाही. प्रकल्प मुदतीत संपला. जगात इतर ठिकाणी लोकांनी यापेक्षा टिकाऊ उत्प्रेरक केले आहेत, ते मी वाचत असते. आमचा टिकला नाही. त्याचं मला आज दुःख नाही. फसलेला प्रयोगही प्रयोगच असतो.

शेवटच्या दिवशी वच्छलाबाईंनी सगळ्या बाटल्या धुतल्या, काटा पुसला, दारं लावली. मग म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"त्या सायबाले फोनवर तुमी माह्याबद्दल काय सांगतलं?"

"काही नाही. चूक झाली, एवढंच."

"कोनाची?"

मी हातातल्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते. ती तिरकी बसली होती. मी ती काढून सरळ लावली. लावून झाल्यावर पाहिलं, तर त्या चपला घालत होत्या.

निवृत्तीपर्यंत मी त्या प्रयोगशाळेत एकटी काम केलं. मदतनीस मागितला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या गावाला गेले. तुमचे बाबा आले होते तेव्हा नाही, नंतर, एकटीच, बसने. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. आता मळा सून बघते. मला पाहून त्या खाटेवरून उठल्या आणि आधी माझं सामान हातातून काढून घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी, वरून कच्चं तेल. नातवंडांचं विचारलं. फोनवरचा तुमचा फोटो दाखवला, तर सईला पाहून म्हणाल्या, "हे तर तुमच्यावानीच तोंड करते, परीक्षा घ्यायले बसल्यावानी." आम्ही खूप हसलो. सून म्हणाली, आई एवढ्या हसताना दिसत नाहीत.

मी निघताना त्या फाट्यापर्यंत काठी घेऊन आल्या. बस यायची होती. म्हणाल्या, "त्या पावडरीचं मंग काय झालं?"

मी म्हटलं, "ते काम संपलं, वच्छलाबाई."

"हाव," म्हणाल्या. आणि माझा पदर खांद्यावर नीट केला, प्रवासात घसरू नये म्हणून. बस आली. मी खिडकीतून पाहिलं. त्या उभ्या होत्या, जणू मी अजून काही बोलणार होते.

सई, निहार, हे सगळं मी तुम्हाला इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्ही आजच वाचलं असतं. आता तुम्हाला बाबांकडून वाचून घ्यावं लागेल आणि ते मधली वाक्यं गाळतील. तरी मराठीत लिहिते आहे. मंडळाचा अंक बेल्याला जातो आणि वच्छलाबाईंची सून तो वाचते. त्या दिवशी भाकरी वाढताना तिनेच मला सांगितलं. म्हणून फोनवर त्या दिवशी जे म्हणायला हवं होतं, ते इथे लिहिते. सुनबाई, एवढं जरा मोठ्याने वाच.

वच्छलाबाई, चूक माझी होती. कागद मी लिहिला होता, तुम्ही तो पाळलात.